चुनेवाला पार्डालास आणि दगडातली आई

पार्डालासला मी अठरा वर्षं ओळखत होतो आणि त्यातली सोळा त्याच्याशी भांडलो. भांडण दरवेळी एकच. मी खरा दगड कापायचो आणि तो भिंतीवर खोटा दगड रंगवायचा. आता तुम्हीच सांगा, असल्या माणसाशी भांडायचं नाही तर काय त्याला ओवाळायचं?

ऑस्टियात, नदी समुद्राला मिळते तिथे आमची वखार आहे. रोमच्या लोकांनी पायाखाली घालायचा आणि भिंतीला लावायचा सगळा दगड आधी आमच्या दारात उतरतो. नुमिडियाचा पिवळा, तांबड्या शिरांचा. फ्रिजियाचा, जखम झाल्यासारखा जांभळा. कारिस्टसचा हिरवा, लूनाचा पांढरा. मी करवत्या. आमच्या करवतीला दात नसतात, हे लोकांना माहीत नसतं आणि सांगितलं तर पटत नाही. दगड कापते ती वाळू. आम्ही दोन टोकांना दोघं उभे राहून पातं पुढेमागे ओढायचं, वर पाणी आणि वाळू सोडायची, बस. एक लादी निघायला पाच दिवस लागतात. तेवढ्यात पार्डालास ओल्या गिलाव्यावर अख्खी खोली नुमिडियाची करून, पाव-चीज खाऊन, दुपारची झोप काढून मोकळा. माझं डोकं फिरेल नाही तर काय होईल?

त्यात पुन्हा तो रोज आमच्याकडे दगड बघायला यायचा. बारीक चणीचा, भुवयांवर कायम चुन्याची पांढरी पूड, चालताना एक खांदा वर. यायचा आणि दगडावर थुंकून अंगठ्यानं चोळायचा.

"ए चुनेवाल्या, तुझ्या बापाचा दगड आहे का थुंकायला?"

"दादा, कोरडा दगड झोपलेला असतो. ओला केल्याशिवाय रंग दाखवत नाही."

"मग पाणी घे की. हंडा भरून ठेवलाय."

"थुंकी बरी. आपली ओळख राहते."

मग तो दगडाच्या चुका काढायला लागायचा. ही शीर इथे उगाच तुटली. हिनं डावीकडे वळायला हवं होतं. या तांबड्याला घाई झाली. अहो, डोंगराच्या चुका काढायचा हा माणूस. आणि सगळ्यात संताप याचा की तो म्हणेल ते बरोबर असायचं. त्यानं रंगवलेली भिंत आणि माझी लादी शेजारी ठेवली तर माझीच खोटी वाटायची. गावात लोक म्हणायचे, "पार्डालास हुबेहूब काढतो." हे 'हुबेहूब' पुढे आम्हाला फार महागात पडलं, ते सांगतोच.

त्याची बायको थाल्लुसा. ती डामासची मुलगी, आणि डामास म्हणजे माझ्या करवतीचं दुसरं टोक. बावीस वर्षं मी ओढलं की तो सैल सोडायचा आणि त्यानं ओढलं की मी. त्याची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर दगडांच्या गराड्यात मोठी झाली आणि शेवटी चुनेवाल्याच्या गळ्यात पडली. डामास आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, जसं काही मीच लग्न जमवलं होतं. पण सुखात होती पोर. त्याचे रंग ती वाटायची. तो शिडीवर आणि ती खालून ओरडायची, "अहो, तो नुमिडिया झाला, पुरे आता, त्याला कावीळ झालेली दिसते."

लग्नाच्या तिसऱ्या उन्हाळ्यात तापानं गेली ती. दलदलीकडचा ताप, चार दिवसांत आटोपलं. डामासनं तिची राख आमच्या मंडळाच्या कबरघरात ठेवली. संगमरवरवाल्यांचं आमचं मंडळ, वेशीबाहेर रस्त्याला लागून आमचं कबरघर. आत भिंतभर कोनाडे, खुराड्यासारखे, एकेका कोनाड्यात एकेक कलश. थाल्लुसाच्या डाव्या हाताला पुढे डामास आला. उजव्या हाताचा कोनाडा रिकामा राहिला.

पार्डालासला तो कोनाडा हवा होता. आयुष्यभर त्यानं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

आणि तो त्याला मिळत नव्हता. मंडळाचा नियम असा, की ज्यानं आपल्या हातानं दगड घडवून इमारतीत बसवला त्याला कोनाडा. त्याच्या बायकोला, मुलामुलींना कोनाडा. जावयाला नाही. ज्याला हवा त्यानं वार्षिक जेवणात सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या तोंडानं सांगायचं, माझ्या हातचा अमुक दगड अमुक घरात आहे. मग हात वर करून मतं. अध्यक्ष मुर्रानस, आमची वखारही तोच बघायचा, तर नियमाचा इतका पक्का, की स्वतःच्या सख्ख्या भावाला त्यानं कोनाडा नाकारला होता, भाऊ जिवंत समोर उभा असताना.

बारा वर्षं पार्डालास उभा राहिला. बारा वर्षं आम्ही विचारलं, "कुठला दगड?" आणि तो म्हणायचा, "दगड नाही, पण दगडासारखं बरंच आहे." सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मी. मतं विरुद्ध पडायची, तो खाली बसून कोबी खायचा. ज्याला कोनाडा नाही त्याला ऑस्टियात काय मिळतं ते सगळ्यांना माहीत होतं. वाळूत फुटका रांजण, त्यात राख, आणि रांजणाची मान वर काढून ठेवायची म्हणजे सणाला कुणी आलंच तर वाइन आत ओतता येते. बकऱ्या त्या मानेला अंग घासतात.

आता कास्ट्रिकियस. हा मासळीच्या सॉसचा व्यापारी. माणूस भला, पण वारा आपल्या बाजूला असला की तो येण्याआधी पाव घटका त्याचा वास यायचा. त्यानं पार्डालासकडून बैठकीची खोली नुमिडियाच्या पिवळ्यात रंगवून घेतली होती. एक दिवस जेवता जेवता तो भिंतीकडे बघून उभा राहिला. तांबड्या शिरांमध्ये त्याला त्याची मेलेली आई दिसली. कपाळ, नाक, जरा पुढे आलेली हनुवटी. त्यानं बायकोला बोलावलं. बायको म्हणाली, मला शिरा दिसतात. तो म्हणाला, ती जिवंत होती तेव्हासुद्धा तुला दिसायची नाही.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी भिंतीला वाइनमध्ये बुडवलेला पाव भरवायचा आणि धंद्यातलं सगळं तिला विचारून करायचा. भिंतीचा तो तुकडा तेलकट झाला, पण धंदा मात्र चालला. इतका चालला की सम्राटाच्या पूजेचं मानाचं पद त्याच्याकडे आलं. आणि असल्या माणसाच्या घरात चुन्याच्या भिंती शोभत नाहीत. त्यानं गिलावा उतरवायला सांगितला आणि आमच्या वखारीत आला.

"नुमिडियाचा पिवळा हवा. अख्खी खोली. आणि त्यात माझी आई हवी."

मुर्रानसला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आईचा पुतळा, मालक?"

"पुतळा कशाला? शिरांमध्ये. होती तशीच."

"मालक, ती पार्डालासनं रंगवलेली होती."

"मी कुठे नाही म्हणतो? पण पार्डालास हुबेहूब काढतो की नाही?"

"काढतो."

"हुबेहूब म्हणजे कशाच्या तरी हुबेहूब ना? चुन्यात नक्कल होती. मग अस्सल दगडातच असणार. शोधा."

मुर्रानसनं माझ्याकडे बघितलं, मी करवतीकडे. कास्ट्रिकियस पुढे म्हणाला, "पारोसच्या खाणीत धोंडा फोडला तर आत सिलेनसचा चेहरा निघाला, हे तुम्हीच लोक सांगता ना? तो सिलेनस, मद्यदेवाचा दारुडा सोबती, गाढवावरसुद्धा धड बसता येत नाही त्याला. तो दगडात निघतो आणि माझी सालस आई निघणार नाही?"

सिलेनसची गोष्ट आम्हीच चारचौघांत सांगत आलो होतो. नुमिडियाचे दोन धोंडे बाजूला काढले आणि मी आणि डामासच्या जागी आलेला नवा जोडीदार, आम्ही आई कापायला घेतली.

पाच दिवसांनी पहिली लादी निघाली. ओली केली. कास्ट्रिकियस गुडघ्यावर बसून बघत राहिला.

"हा मामा आहे."

"कोण मामा?"

"माझा. आईचा भाऊ. तिरळा डोळा बघ. पण मामाला आईच्या खोलीत लावू नकोस, दोघांचं पटायचं नाही. त्याला शौचकुपाच्या भिंतीला लाव."

दुसऱ्या लादीत शेळी निघाली. तिसरीत एक बाई निघाली आणि आमचा जीव भांड्यात पडला, पण तो मान हलवून म्हणाला, "ही शेजारीण आहे. आईचं हिच्याशी हाडवैर. ही माझ्या घरात नको." चौथी आणि पाचवी मी पुस्तकासारखी उघडून लावून दाखवली. आमच्या धंद्यात तशी चाल आहे, एकामागची एक लादी शेजारी ठेवली की शिरा आरशातल्यासारख्या जुळतात, लोक खूश होतात. त्यात खरंच समोरासमोर चेहरा जुळून आला.

"दोन नाकं आहेत," कास्ट्रिकियस म्हणाला.

"मालक, एक नाक झाकून बघा ना."

"माझ्या आईला एकच नाक होतं, गेमिनस. मी तिचा मुलगा आहे, मला माहीत आहे."

दीड महिना गेला. मला मसुराच्या कालवणात बायका दिसायला लागल्या. पहिला धोंडा संपला, दुसऱ्याच्या शेवटच्या लाद्या राहिल्या. आणि त्या दिवशी कास्ट्रिकियस आला तो हातात टोपली घेऊन. टोपलीत चुन्याचा चुरा. भिंत उतरवताना त्यानं गड्यांना बजावलं होतं, आई जपून काढा, पण गिलावा कुठला जपून निघतो. तो आमच्या वाळूच्या ढिगावर बसला, चाळीस गड्यांचा मालक, आणि टोपली मांडीवर घेऊन रडला. म्हणाला, "मीच पाडली रे तिला. दगडात भेटेल म्हणून मीच पाडली." मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुर्रानस स्वतः पार्डालासच्या दारात गेला, मला घेऊन. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"दगडावर आई रंगवशील का?"

"घोटलेल्या दगडावर रंग धरत नाही. तापवून मेणात बसवला तरी दोन उन्हाळ्यांत निघेल," पार्डालास म्हणाला. मग नखानं भुवईवरचा चुना खरवडत बोलला, "पण शीर कोरता येईल. पिवळ्यात बारीक खाच पाडायची आणि तिच्यात तांबड्या दगडाची चीप बसवायची, राळेनं. मग वरून घोटायचं. ते रंगकाम नाही. ते दगडकाम झालं. होय ना, अध्यक्ष?"

मुर्रानसला कळलं तो कुठे पोचला ते. मलाही कळलं आणि पहिल्यांदा मला त्याचं कौतुक वाटलं.

"झालं," मुर्रानस म्हणाला. "पण हात तुझाच लागला पाहिजे. गेमिनस दाखवेल, करणार नाही. आणि जेवणाच्या दिवशी तुझ्या तोंडानं सांगायचं."

"सांगेन."

पुढचे चाळीस दिवस मी त्याला छिन्नी शिकवली. देवा. आयुष्यभर ब्रश धरलेला हात तो. छिन्नी कुरवाळायचा. दोन अंगठे ठेचून घेतले, एक नख गेलं, तीन लाद्या वाया गेल्या. मी शिव्या घालायचो, तो "हो दादा, हो दादा" म्हणत पुन्हा खाली वाकायचा. तांबड्या दगडाच्या चिपा पापणीच्या केसाएवढ्या. एकदा मी म्हटलं, "अरे, बाकीच्यांना एक उंबरठा बसवला की कोनाडा मिळतो. तुला अख्खी म्हातारी घडवावी लागतेय." तो म्हणाला, "उंबरठ्याला नाक नसतं, म्हणून सोपं जातं." शेवटची हनुवटी बसवून त्यानं लादी घोटली, थुंकला, अंगठ्यानं चोळली. कुठे जोड दिसत नव्हता. करवतीवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला दिसत नव्हता, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

दगडात आई निघाली, असा निरोप आम्ही पाठवला. कास्ट्रिकियस आला. बघितलं. लादीवर गाल टेकवून उभा राहिला, आणि मी आणि मुर्रानस नाक धरायला बाहेर आलो, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण आनंद झालेला माणूस काय करेल सांगता येत नाही. कास्ट्रिकियसनं गावजेवण घातलं. पुजारी बोलावले. लादी भिंतीत बसवली, तीही पार्डालासनंच, आणि कास्ट्रिकियसनं सगळ्यांसमोर हात वर करून सांगितलं, "ही माणसाच्या हातची नाही. समुद्रापलीकडच्या डोंगरात ती माझी वाट बघत होती." लोक रांग लावून बघायला यायला लागले. शेजारच्या गावातल्या बायका मुलं कडेवर घेऊन यायच्या. आणि कृतज्ञता म्हणून कास्ट्रिकियसनं आमच्या मंडळाचं पालकत्व स्वीकारलं. म्हणजे आता वार्षिक जेवणात मधल्या बैठकीवर तोच बसणार.

जेवणाच्या सकाळी मुर्रानस पार्डालासला म्हणाला, "मी तुला अडवणार नाही. शब्द दिलाय. पण नियम नियम आहे, मोठ्यानं सांगावं लागेल. कास्ट्रिकियस समोर असेल."

"माहीत आहे."

जेवण झालं. डुकराचं मांस होतं त्या वर्षी, कास्ट्रिकियसच्या कृपेनं, आणि प्रत्येक पदार्थाला त्याचा सॉस. नावं पुकारली. पार्डालास उभा राहिला. भुवया धुऊन आला होता. मी खाणं सोडून त्याच्याकडे बघत होतो, जणू कोनाडा मलाच हवा होता.

"पार्डालास," मुर्रानसनं विचारलं, "तुझ्या हातचा कुठला दगड कुठल्या इमारतीत आहे?"

पार्डालासनं कास्ट्रिकियसकडे बघितलं. कास्ट्रिकियस त्याच्याकडे बघून हसला, तोंडाला सॉस लागलेला. म्हणाला, "बोल रे, लाजू नकोस. माझी भिंत किती सुंदर केली होतीस तू. काहीतरी असेलच. एखादी पायरी? एखादा उंबरठा? आज सकाळीच मी आईला म्हटलं, पार्डालासचं काम होऊ दे."

मी मुर्रानसकडे बघितलं. तो ताटातल्या हाडाकडे बघत होता.

"नाही मालक," पार्डालास म्हणाला. "मी चुनेवाला. माझ्या हातानं कुठे दगड लागलेला नाही."

मी उठायला लागलो, तर त्यानं टेबलाखालून माझा पाय असा दाबला की मी परत बसलो. लोक हसले. दरवर्षीचं हसणं ते. मतं घेतली. विरुद्धचे हात वर झाले. तेरा वर्षांत पहिल्यांदा माझा हात खाली राहिला, आणि अध्यक्षाचाही.

बाहेर आल्यावर मी त्याची मानगूट धरली. "अक्कल विकून खाल्लीस का? चाळीस दिवस! नख गेलं तुझं! दोन शब्द बोलायचे होते!"

"दादा, तो तिला रोज पाव भरवतो."

"भरवू दे. मग?"

"एकदा चुन्यातली गेली तेव्हा तू बघितलंस त्याला. मी बोललो असतो तर आज परत मेली असती ती. माझ्याच्यानं नाही झालं."

"आणि थाल्लुसा?"

तो खांदा वर करून चालायला लागला. त्यानंतर मी त्याच्याशी भांडलो नाही, आणि त्याला ते फार चुकल्यासारखं वाटायचं. वखारीत यायचा, थुंकायचा, माझ्याकडे बघत थांबायचा. मी काही बोललो नाही की म्हणायचा, "दादा, बरं नाही का?" अर्ज त्यानं पुन्हा केला नाही. काय करणार, लागलेला दगड एकच आणि तो सांगायचा नाही.

दोन वर्षांनी हिवाळ्यात तो गेला. चुना छातीत बसतो चुनेवाल्यांच्या. चितेला मी होतो, मुर्रानस होता, आणि कास्ट्रिकियस, जो मोठ्यानं रडला आणि आईलाही फार वाईट वाटलं म्हणाला.

राख मी माझ्याकडे ठेवली, मडक्यात. वाळूत पुरायची म्हणून दोनदा फावडं घेऊन निघालो आणि दोनदा बकऱ्या बघून परत आलो. मग फेब्रुवारीत पितरांचे दिवस आले. सगळं ऑस्टिया वेशीबाहेर, कबरींवर व्हायलेटची फुलं, मीठ, भिजवलेला पाव. भर दुपारी आमच्या मंडळाचे लोक कबरघराच्या अंगणात खात बसले होते. मी मडकं अंगरख्याखाली घेऊन आत गेलो.

थाल्लुसाचा कलश खाली उतरवला आणि झाकण काढतोय तोवर दारातला उजेड अडला. मुर्रानस उभा होता, किल्ल्या हातात.

"त्याला कोनाडा मिळणार नाही," तो म्हणाला. "मत झालेलं आहे."

"मी कुठे कोनाडा मागतोय?"

त्यानं मडक्याकडे बघितलं, उघड्या कलशाकडे बघितलं. बराच वेळ तो मनातल्या मनात नियम वाचत होता, ओठ हलत होते त्याचे. मी थांबलो. चौदा कलमं आहेत, त्यानं चौदाही वाचली असणार.

"नियम कोनाड्याचा आहे," तो शेवटी म्हणाला. "कलशात किती माणसं, ते लिहिलेलं नाही."

मग त्यानं दार लावून घेतलं, माझ्या हातातलं झाकण घेऊन नीट धरलं आणि मी मडकं तिरपं केलं. राख भसकन यायला लागली. मुर्रानसनं माझं मनगट धरलं.

"सावकाश ओत ना," तो म्हणाला. "ठसका लागेल तिला."